वर्तुळाचे दार : हवानाचा ‘रुएदा दे कासिनो’

साल्सा म्हटले की डोळ्यांसमोर एक जोडी उभी राहते. चित्रपटांनी आणि दूरचित्रवाणीवरील स्पर्धांनी ही जोडी इतकी परिचयाची करून टाकली आहे, की या नृत्याचे एक विलक्षण रूप जोडीचे नसून समूहाचे आहे हे सहसा ठाऊक नसते. त्या रूपाचे नाव ‘रुएदा दे कासिनो’. ‘रुएदा’ म्हणजे चाक. सहा, आठ, कधी वीस जोड्या वर्तुळात उभ्या राहतात. त्यांच्यातलाच एक जण नाचता नाचता पुढच्या हालचालीचे नाव मोठ्याने पुकारतो आणि सगळ्या जोड्या ती हालचाल एकाच वेळी करतात. ‘दामे’ असा पुकारा झाला, की प्रत्येक पुरुष हातातला हात सोडतो आणि शेजारच्या जोडीतील स्त्रीचा हात धरतो. गाणे संपेपर्यंत प्रत्येक जण जवळजवळ प्रत्येकीबरोबर नाचून झालेला असतो.

या रचनेची गंमत तिच्या नाजूकपणात आहे. नृत्याचा हिशोब आठ मात्रांचा. त्यांत तीन पावले, एक विराम, पुन्हा तीन पावले, एक विराम. चालू आकृती पूर्ण व्हायच्या आत पुढचा पुकारा व्हावा लागतो, तो गोंगाटात सगळ्यांना ऐकू जावा लागतो आणि कळावाही लागतो. वर्तुळातल्या एकाने ‘दामे’ ऐकले नाही, तर त्याच्या शेजाऱ्याला धरायला हात उरत नाही. मग त्याच्या शेजाऱ्याला, मग त्याच्याही. चाकाचा एक आरा निखळावा तसे सगळे विस्कळीत होते आणि बहुधा हशा पिकतो. जोडीनृत्यात चूक झाकता येते. येथे ती सोय नाही.

म्हणूनच रुएदाविषयी लिहिणारे बहुतेक जण ‘लोकशाही’, ‘समता’, ‘सामूहिकता’ अशा शब्दांकडे चटकन वळतात. वर्तुळाला शिरोभाग नसतो, सगळे सारख्या अंतरावर, कोणीही कोणाचा नाही आणि सगळे सगळ्यांचे, अशी ती मांडणी. ती अगदीच खोटी नाही. पण वर्तुळाला आत असते तसे बाहेरही असते, याचा तिला विसर पडतो. रुएदाचा इतिहास पाहताना आतल्यांनी काय केले यापेक्षा दाराशी कोणाला अडवले गेले, हा प्रश्न मला अधिक उपयोगी वाटतो.

आरंभ नावापासूनच करावा. ‘कासिनो’ या शब्दाने आपल्याला मांडवी नदीतल्या जुगाराच्या बोटी आठवतील आणि क्रांतिपूर्व हवानाची ख्याती लक्षात घेता तो तर्क स्वाभाविकही आहे. येथे मात्र त्या शब्दाचा जुगाराशी संबंध नाही. स्पॅनिशमध्ये ‘कासिनो’ म्हणजे सभासदांचा मंडळवजा क्लबही होतो. हवानाच्या पश्चिमेला समुद्रकाठी ‘कासिनो देपोर्तिवो’ नावाचा असाच एक क्रीडा-सामाजिक क्लब होता. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथील तरुण सभासद वर्तुळाकार नाचत. पुढे इतरत्रही ‘कासिनोतल्यासारखे चाक करू या’ असे म्हटले जाऊ लागले आणि क्लबचे नाव नृत्याला चिकटले. क्युबात आजही या नृत्याला ‘कासिनो’ म्हणतात, साल्सा नव्हे. ‘साल्सा’ ही न्यूयॉर्कच्या बाजारपेठेत रुळलेली पाटी आहे. जॉनी पाचेको आणि जेरी मासुच्ची यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या ‘फानिया’ या ध्वनिमुद्रिका-कंपनीचा तिच्या प्रसारात मोठा वाटा होता, आणि आपल्या ‘सोन’ संगीताला दुसऱ्याच कोणी नवे नाव दिले याचा राग क्युबन संगीतकारांनी दीर्घकाळ बोलून दाखवला.

मात्र क्लबपाशी थांबलो तर इतिहास फार आखूड होईल. वर्तुळात किंवा रांगांत अनेक जोड्या, ठरलेल्या आकृत्या आणि त्या पुकारणारा एक जण, ही रचना क्युबात दीडशे वर्षे आधीच येऊन पोचली होती. इंग्लंडच्या खेड्यांतले ‘कंट्री डान्स’ फ्रान्समध्ये जाऊन ‘काँत्रदान्स’ झाले आणि स्पॅनिश प्रदेशांत ‘कोन्त्रादान्सा’. साहित्याच्या वाचकाला हा नाच अपरिचित नाही. जेन ऑस्टिनची पात्रे तोच नाचतात. १७९० च्या दशकाच्या अखेरीस लिहिलेल्या आणि १८१७ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’मध्ये हेन्री टिल्नी बाथच्या नृत्यगृहात कॅथरीनपुढे या नाचाची विवाहाशी तुलना रंगवून सांगतो. तिचे सार असे, की दोन्हींत निवडीचा अधिकार पुरुषाकडे आणि स्त्रीच्या हाती केवळ नकार. हे वाक्य ध्यानात ठेवावे. हवानात त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

ऑस्टिनची पात्रे बाथमध्ये नाचत होती त्याच दशकात हा नाच कॅरिबियन समुद्रात एका भीषण उलथापालथीतून जात होता. १७९१ च्या ऑगस्टमध्ये सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीतील गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये तेथे हैती हे स्वतंत्र राष्ट्र उभे राहिले. पळालेले फ्रेंच मळेवाले पूर्व क्युबात, सान्तियागोच्या परिसरात, येऊन स्थिरावले. त्यांनी बरोबर कॉफीची लागवड आणली, काँत्रदान्स आणले आणि गुलामही आणले. दिवाणखान्यात मालक काँत्रदान्स नाचत. अंगणात त्यांचे गुलाम तेच नाच मोठ्या ढोलांवर, आपल्या अंगाने, नाचत. या दुसऱ्या परंपरेतून ‘तुम्बा फ्रान्सेसा’ जन्मली. तिच्यातील ‘मासोन’ हा प्रकार फ्रेंच दिवाणखान्यातल्या नाचांची छाया आहे. ती विडंबन की अनुकरण, हे ठरवणे कठीण, बहुधा दोन्ही. त्यात नाचाची सूत्रे ‘मायोरा दे प्लासा’ या मानकरी स्त्रीच्या हाती असतात. युनेस्कोने २००३ मध्ये या परंपरेला मानवतेच्या वारशाचा दर्जा दिला. पुकारणारी व्यक्ती ही केवळ युरोपीय शिष्टाचाराची देणगी नाही, हे यावरून दिसावे.

कोन्त्रादान्साचे पुढे बरेच काही झाले. १८०३ ची ‘सान पास्कुआल बाइलोन’ ही आज उपलब्ध असलेली क्युबन कोन्त्रादान्साची सर्वांत जुनी प्रत मानली जाते. आलेहो कार्पेन्तिएर यांनी ‘ला मुसिका एन कुबा’ (१९४६) या ग्रंथात या संगीतप्रवासाला महत्त्वाचे स्थान दिले आहे. कादंबरीकाराने लिहिलेला संगीतेतिहास म्हणून तो ग्रंथ आपल्याकडच्या साहित्याभ्यासकांनीही चाळावा असा आहे. १ जानेवारी १८७९ रोजी मातान्सास शहरात मिगेल फाइल्दे या मिश्रवर्णीय संगीतकाराने ‘लास आल्तुरास दे सिम्प्सोन’ हा पहिला ‘दान्सोन’ सादर केला. दान्सोनही आरंभी कमानी आणि फुले घेऊन करायचा समूहनाच होता. नंतर तो मिठीतल्या जोडीचा झाला. समूह मागे पडला, जोडी पुढे आली. ‘शृंगारिक’ आणि ‘काळ्यांचा’ अशी दुहेरी निंदा या नाचाच्या वाट्याला आली आणि काही दशकांत तोच क्युबाचा राष्ट्रीय नाच म्हणून मिरवला गेला. बहिष्कार आणि सत्कार यांतले अंतर या बेटावर अनेकदा एका पिढीचे असते. पूर्वेकडून आलेल्या ‘सोन’च्या बाबतीतही तेच घडले.

१९५० च्या आरंभी एन्रिके होर्रिन यांनी दान्सोनमधूनच चाचाचा घडवला. त्याची चाल सोपी आणि मात्रा स्पष्ट. पुष्कळ जणांना एकत्र नाचता येण्याजोगी. क्लबांत आधी चाचाचाचे चाक नाचले गेले. मग त्यात सोनची पावले, माम्बोची लकब आणि उत्तरेकडून आलेल्या रॉक अँड रोलच्या गिरक्या मिसळल्या आणि कासिनो तयार झाला. फेर्नान्दो ओर्तिस यांनी १९४० मध्ये तंबाखू आणि साखर यांच्यावरील आपल्या ग्रंथात ‘ट्रान्सकल्चरेशन’ ही संकल्पना मांडली होती. एक संस्कृती दुसरीत विरघळत नाही, दोघींच्या देवघेवीतून तिसरीच काही घडते, असा तिचा आशय. तिचे उदाहरण म्हणून रुएदा पुरेसा बोलका आहे. फक्त ही देवघेव समान पातळीवर झाली नाही, हे ओर्तिस यांच्या उत्साही वाचकांनी विसरू नये.

कारण ती क्लबांत झाली. १९५० च्या दशकातले हवानाचे किनारे खासगी क्लबांनी वाटून घेतलेले होते. सभासदत्वासाठी पैसा लागे आणि रंगही. प्रत्यक्ष सत्ताधीश फुल्हेन्सियो बातिस्ता यांना मिश्रवर्णीय म्हणून ‘हवाना यॉट क्लब’ने प्रवेश नाकारल्याची कथा सर्वश्रुत आहे. ‘कासिनो देपोर्तिवो’ची कथा तर आणखी विलक्षण. या क्लबचा कर्ता आल्फ्रेदो ओर्नेदो हा वृत्तपत्रांचा मालक, राजकारणी, गडगंज. ज्याने बांधलेले ‘ब्लांकिता’ नाट्यगृह (१९४९) आज कार्ल मार्क्सच्या नावाने ओळखले जाते तोच. तो मिश्रवर्णीय. खानदानी क्लबांनी दार लावले म्हणून त्याने आपला स्वतःचा क्लब उभारला, असे हवानात पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते. म्हणजे ज्या क्लबच्या नावाने हे नृत्य जगभर ओळखले जाते तो क्लबच एका नकारातून उभा राहिला. पण नकार मिळालेल्या माणसाने बांधलेल्या घरालाही दार होतेच, आणि सामान्य कृष्णवर्णीय हवानावासीयासाठी ते उघडे नव्हते. तो आत येई तो वादक म्हणून. ज्या सोनवर आतले तरुण नाचत, त्याला नवे रूप देणारे अंध संगीतकार आर्सेनियो रोद्रिगेस यांचे श्रोते मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या मंडळांत आणि बिअरच्या बागांत जमत.

या पार्श्वभूमीवर रुएदाच्या उगमाची दुसरी परंपरा पाहावी. ती ‘ग्वाराचेरोस दे रेग्ला’ या कार्निव्हलच्या पथकाकडे श्रेय नेते. रेग्ला म्हणजे हवानाच्या बंदरापलीकडची गोदी-कामगारांची वस्ती. आबाकुआ या आफ्रिकी मुळाच्या गुप्त बंधुसंघाची पहिली शाखा १८३६ मध्ये तेथेच स्थापन झाली. एक उगमकथा क्लबची, दुसरी वस्तीची. या दोन कथांत निवाडा करण्यापेक्षा नावात कोणती टिकली हे पाहणे मला महत्त्वाचे वाटते. नाचाच्या इतिहासात नाव बहुधा त्याचे राहते ज्याच्याकडे इमारत असते.

१ जानेवारी १९५९ रोजी बातिस्ता पळाला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये फिदेल कास्त्रो यांनी नोकऱ्यांतील आणि करमणुकीच्या जागांतील वर्णभेदावर जाहीर टीका केली आणि पुढच्या दोनेक वर्षांत खासगी क्लब सरकारजमा होऊन कामगारांसाठी खुले झाले. त्यांना नाव मिळाले ‘सिर्कुलो सोसियाल ओब्रेरो’, शब्दशः कामगारांचे सामाजिक वर्तुळ. ‘कासिनो देपोर्तिवो’ला क्रिस्तिनो नारान्हो या १९५९ मध्येच मारल्या गेलेल्या क्रांतिसेनेतील अधिकाऱ्याचे नाव देण्यात आले. जुने सभासद बहुसंख्येने मायामीला गेले. नाच मागे राहिला आणि ज्यांना पूर्वी दाराशी अडवले जाई त्यांच्या मुलांनी तो उचलला.

निकोलास गियेन यांची ‘तेन्गो’ ही १९६४ च्या संग्रहातली कविता या क्षणाची साक्ष म्हणून वाचता येते. गियेन यांनी १९३० मध्येच ‘मोतिवोस दे सोन’मधून सोनची लय कवितेत आणली होती. ‘तेन्गो’तला निवेदक आपल्यापाशी आता काय काय आहे याची उजळणी करतो, आणि त्या यादीत जमीन, अक्षरओळख, काम यांच्या जोडीला नृत्यगृहाच्या दारात काळा म्हणून न अडवले जाण्याचा हक्कही येतो. भाकरीच्या बरोबरीने नाच मोजणारा हा कवी मला भाबडा वाटत नाही. ज्याला कधी अडवलेले नाही त्यालाच हा हक्क किरकोळ वाटेल. तरीही या कवितेच्या समासात एक नोंद करावी लागते. क्लबांबरोबर कृष्णवर्णीयांची स्वतःची मंडळेही साठच्या दशकाच्या आरंभी बंद झाली. १९१७ मध्ये स्थापन झालेला प्रतिष्ठित ‘क्लब आतेनास’ही त्यांत होता. भेद संपला असे जाहीर झाल्यावर भेदाविरुद्ध एकत्र येण्याच्या जागाही अनावश्यक ठरवल्या गेल्या. नवे वर्तुळ मोठे होते, परंतु ते एकच होते आणि त्याचा पुकारा करणाराही एकच.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ‘पारा बाइलार’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने कासिनोला घराघरात पोचवले. तोवर हुआन फोर्मेल यांचा १९६९ मध्ये स्थापन झालेला ‘लोस वान वान’ हा वाद्यवृंद नव्या पिढीचा आवाज झाला होता. या काळावर रेंगाळण्याचे कारण नाही. त्यापेक्षा पुकाऱ्यांच्या भाषेकडे वळावे, कारण आपल्यासारख्यांना खरे खाद्य तिथे आहे.

‘दामे’ म्हणजे ‘मला दे’. ‘दा’ हा धातू लॅटिनमधून आलेला, आणि आपल्या संस्कृत ‘दा’चा सख्खा भाऊ, ‘मे’चेही कूळ तेच. ‘देहि मे’ आणि ‘दामे’ यांच्यात उच्चारापलीकडे फारसे अंतर नाही. दुसरा पुकारा ‘दिले के नो’. मराठी कानाला तो ‘दामे’ला मिळालेल्या उत्तरासारखा वाटतो, जणू एक मागतो आणि दुसरा म्हणतो ‘दिले’. प्रत्यक्षात अर्थ आहे ‘तिला नाही म्हण’. येथला धातू ‘सांगणे’ या अर्थाचा असून त्याचे मूळ आपल्या ‘दिश्’पाशी, म्हणजे दाखवण्यापाशी, जाते. या हालचालीत पुरुष स्त्रीला आपल्यासमोरून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेतो. ती सगळ्या नाचाची जणू पूर्णविरामाची खूण आहे. ‘एन्चुफ्ला’ विजेच्या प्लगवरून आला. ‘ग्वापेआ’मध्ये गल्लीतल्या दादाची ऐट आहे. ‘सोम्ब्रेरो’त हात टोपीसारखे डोक्यावरून जातात, ‘सेतेन्ता’ म्हणजे नुसता सत्तर हा आकडा. ‘फ्लाय’ हा शब्द बेसबॉलमधल्या उंच उडालेल्या चेंडूचा. वर्तुळातले सगळे उसळून टाळी देतात. घर, गल्ली, मैदान, सगळे या शब्दांत आले आहे. बोलीचा कोश म्हणूनच तो वाचावा.

या पुकाऱ्यांचे व्याकरण मात्र काळजीपूर्वक पाहण्यासारखे आहे. ‘दामे उना’, मला एक दे; ही ‘एक’ स्त्रीलिंगी. ‘दिले के नो’, तिला नाही म्हण. ‘एक्सिबेला’, तिला मिरव. ‘पासेआला’, तिला फिरव. बोलणारा पुरुष, ऐकणारा पुरुष, आणि वर्तुळात निम्म्या संख्येने असलेली स्त्री सदैव तृतीय पुरुषात. टिल्नीच्या बाथमध्ये स्त्रीकडे निदान नकार तरी होता. हवानाच्या चाकात नकाराचा शब्दही पुरुषाच्या तोंडी दिला आहे. वंशाचे दार एका आदेशाने उघडता आले. क्रियापदाला चिकटलेले ‘ला’ आणि ‘ले’ कोणत्याही सरकारला जप्त करता आले नाहीत.

पण व्याकरणावर थांबणेही एकांगी होईल. पुकारा पुरुषाला उद्देशून असला तरी तो स्त्रीच्याही कानावर पडतो, आणि तिला तो त्याच्याइतकाच, कित्येकदा त्याच्या आधी, कळावा लागतो. दर आठ-सोळा मात्रांनी तिच्यासमोर नवा जोडीदार येतो. कोणी उंच, कोणी घाईचा, कोणी लय चुकलेला. चाक मोडू नये म्हणून त्याला सावरून घेण्याचे काम तिच्याकडे येते. वाक्यात ती कर्म आहे, नाचात ती कर्ती आहे. भाषेने न दिलेले स्थान शरीराने घेतल्याची अशी उदाहरणे आपल्या स्त्रीगीतांच्या अभ्यासकांना नवी नाहीत.

१९८० मध्ये मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख क्युबन अमेरिकेला गेले. सोव्हिएत आधार तुटल्यानंतरच्या ‘विशेष काळा’त, १९९४ च्या उन्हाळ्यात, आणखी सुमारे पस्तीस हजार जण होडक्यांवर आणि टायरच्या तराफ्यांवर निघाले. मायामीत रुएदाची स्वतंत्र शैली घडली. तिथल्या पुकाऱ्यांत ‘बाल्सेरो’, म्हणजे तराफ्यावरचा माणूस, हाही एक आहे. समुद्रावर सगळेच काही पोचले नव्हते. तो शब्द नाचाच्या वर्गात हसतखेळत पुकारला जातो तेव्हा त्यामागचे पाणी किती जणांना दिसते, कोणास ठाऊक. इकडे हवानात १९९३ मध्ये डॉलर बाळगणे कायदेशीर झाले, पर्यटक आले, रुएदा शिकवणे हे पोट भरण्याचे साधन बनले. नाचायच्या चांगल्या जागांचे प्रवेशमूल्य परकी चलनात गेले. पर्यटकांच्या हॉटेलांत क्युबन नागरिकाला पाहुणा म्हणून खोली घेण्यास असलेली मनाई २००८ मध्ये उठली. म्हणजे गियेन यांच्या यादीतले दार त्यांच्या मृत्यूनंतरच्या (१९८९) दोन दशकांत पुन्हा एकदा लागले होते. या वेळी रंग विचारला जात नव्हता, चलन विचारले जात होते, आणि परदेशातून पैसे पाठवणारे नातलग ज्यांना होते त्यांत गोरे अधिक होते.

आज रुएदा युरोपपासून आपल्या मुंबई-पुण्यापर्यंत साल्साच्या वर्गांत शिकवला जातो. स्पॅनिशचा गंध नसलेली माणसेही पुकारे अचूक ओळखतात. अर्थ गळून नाद उरला, मंत्रांचे होते तसे. कोठे कोठे केवळ स्त्रियांची चाके असतात, तेथे निम्म्या जणी पुरुषाची पावले टाकतात. पुकारणारीही स्त्रीच असते. ती दम घेऊन, संगीताच्या वर आवाज काढून पुकारते ‘दिले के नो’, आणि सगळ्या जणी ठरल्याप्रमाणे वळतात.